हातचा कुठे गेला? ८०८५ च्या किटवर अडलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात घडलं. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसर हा विषय होता आणि त्याची प्रॅक्टिकल्स ८०८५ या मायक्रोप्रोसेसर चिपच्या किटवर, म्हणजे सरावाच्या बोर्डवर, चालत. तो विषय मी शिकवत होते. विद्यार्थिनीची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रोग्राम, आकडे आणि अडलेल्या जागा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण शिकणाऱ्याच्या उपयोगाचं जे आहे ते त्यांच्यातच आहे.

ही चिप इंटेलने १९७६ साली आणली. ४० पिना, ५ व्होल्टचा एकच पुरवठा, ८ बिटांचा डेटा आणि १६ बिटांचा पत्ता, म्हणजे ६५,५३६ बाइटची मेमरी. ‘आता ८०८५ कोण वापरतं?’ असं मुलं दरवर्षी विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिसणारं हे अख्खं यंत्र वहीच्या एका पानावर मावतं. ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही रजिस्टरं (एकेक बाइट ठेवायच्या आतल्या जागा), पाच फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे एकेक बिट), आणि पत्ते ठेवणारे स्टॅक पॉइंटर आणि प्रोग्राम काउंटर. एवढ्या गोष्टी लिहून ठेवल्या की कुठल्याही क्षणी आत काय चाललंय ते पूर्ण सांगता येतं. पहिल्यांदा शिकणाऱ्याला असं यंत्र हाताळायला मिळणं फार मोलाचं आहे.

आमच्या किटवर असेंब्लर, म्हणजे लिहिलेल्या सूचनांचे आकडे करून देणारा प्रोग्राम, नव्हता. वर सहा आकड्यांचा डिस्प्ले, त्यात चार पत्त्याचे आणि दोन डेटाचे, आणि खाली हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे, ० ते ९ आणि ए ते एफ) कीपॅड. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, तक्त्यातून प्रत्येक सूचनेचा ऑपकोड (तिचा हेक्स आकडा) शोधायचा, एकेक बाइट भरत नेक्स्ट दाबत जायचं आणि शेवटी रन करायचं.

विद्यार्थिनी अभ्यासू होती. जर्नल वेळेवर, अक्षर सुबक. निम्म्याहून जास्त ऑपकोड तिला तोंडपाठ होते. तक्ता न पाहता तिची बोटं ‘३ई, ३२, ७६’ भरत जात. बॅचमधली इतर मुलं अडली की तिच्याकडेच येत.

अडचण

अंतर्गत परीक्षेत तिला जर्नलमधलाच प्रोग्राम आला. २०५० या पत्त्यापासून ठेवलेल्या पाच संख्यांची बेरीज करून उत्तर २०६० ला ठेवायचं. तिने लिहिलेला प्रोग्राम असा होता (आकडे सगळे हेक्समध्ये; सूचनेत पत्त्याचा मागचा अर्धा आधी येतो):

२००० : २१ ५० २० — एलएक्सआय एच, २०५० (एच-एल जोडीत २०५० हा पत्ता)
२००३ : ०ई ०५ — एमव्हीआय सी, ०५ (सी मध्ये ०५, फेऱ्या मोजायला)
२००५ : ३ई ०० — एमव्हीआय ए, ०० (ए मध्ये ००)
२००७ : ८६ — ॲड एम (एचएलच्या पत्त्यावरची संख्या ए मध्ये मिळव)
२००८ : २३ — आयएनएक्स एच (एचएल एकाने पुढे)
२००९ : ०डी — डीसीआर सी (सी एकाने कमी)
२००ए : सी२ ०७ २० — जेएनझेड २००७ (झीरो फ्लॅग लागला नसेल, म्हणजे सी शून्य नसेल, तर २००७ ला उडी)
२००डी : ३२ ६० २० — एसटीए २०६० (ए मधलं उत्तर २०६० ला ठेव)
२०१० : ७६ — एचएलटी (थांब)

यात चूक एकही नाही. पण जर्नलमध्ये संख्या होत्या ०१ ते ०५ आणि उत्तर ०एफ. परीक्षकांनी दिल्या ८०, ९०, ए०, १० आणि ०५. २०६० ला सी५ आलं. तिने शेजारी दशमान पद्धतीत बेरीज करून पाहिली होती: १२८, १४४, १६०, १६ आणि ५, एकूण ४५३. सी५ म्हणजे १९७. तिने संख्या पुन्हा भरल्या, रीसेट केलं, पुन्हा सी५. मग म्हणाली, “मॅडम, किट बिघडलंय.” दुसऱ्या किटवर बसली, तिथेही सी५.

मी तिला फक्त वजाबाकी करायला सांगितली. ४५३ वजा १९७, उत्तर २५६. ते पाहून तिच्या लक्षात आलं, आठ बिटांच्या बाहेर काहीतरी गेलंय.

“मग हातचा कुठे गेला?”

“कॅरी फ्लॅगमध्ये.”

“कुठल्या ओळीनंतर? आणि प्रोग्राम संपला तेव्हा तो तिथे होता का?”

यावर उत्तर आलं नाही. माझ्या दृष्टीने अडचणीचं निदान इथेच झालं. फ्लॅगची व्याख्या तिला येत होती. पण फ्लॅग ही एका क्षणाची नोंद असते आणि पुढची बेरीज ती पुसून टाकते, हे तिने कधी घडताना पाहिलं नव्हतं. ८० आणि ९० मिळवले तेव्हा ए मध्ये १० उरलं आणि कॅरी १ झाला. त्यात ए० मिळवल्यावर ए मध्ये बी० आलं आणि कॅरी परत ० झाला. प्रोग्राम संपल्यावर फ्लॅग तपासला असता तरी तिला शून्यच दिसलं असतं. तिच्या डोक्यात प्रोग्राम म्हणजे वरून खाली वाचायचा मजकूर होता. त्यातली प्रत्येक ओळ यंत्राची स्थिती बदलते, ही गोष्ट पाठांतराच्या मागे झाकली गेली होती.

समोर असलेले मार्ग

विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा काही आठवड्यांवर होती आणि जर्नलमधले बरेच प्रयोग बाकी होते. त्यामुळे कुठलाही मार्ग फुकटचा नव्हता.

सगळ्यात सोपं म्हणजे कॅरी सांभाळणारा दुरुस्त प्रोग्राम देऊन टाकणं. तिने तो एका संध्याकाळी पाठ केला असता. परीक्षेत ‘पाच संख्यांतली सर्वात मोठी शोधा’ आलं असतं की पुन्हा तेच.

दुसरा मार्ग संगणकावरच्या सिम्युलेटरचा, म्हणजे ८०८५ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा. जीएनयूसिम८०८५ मोफत मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. त्यात लेबल (ओळींना दिलेली नावं) लिहिली की जंपचे, म्हणजे उडीचे, पत्ते तोच काढतो, आणि एकेक सूचना चालवली की रजिस्टरं, फ्लॅग सगळं समोर दिसतं. माझ्या एका सहकाऱ्यांचा आग्रह यालाच होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझी शंका वेगळी होती. पडद्यावर आकडे बदलताना दिसले की समजल्यासारखं वाटतं. बटण दाबायच्या आधी ‘आता काय होईल?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सक्ती तिथे नसते, आणि या मुलीला नेमकी त्याच प्रश्नाची सवय नव्हती.

तिसरा मार्ग तिच्याच वरच्या वर्गातल्या मुलांनी सुचवला होता: ८०८५ पास होण्यापुरतं कर आणि आर्डुइनो (सी भाषेसारख्या भाषेत चालवायचा तयार बोर्ड) घे, त्यात गोडी लागेल. गोडी लागते हे खरंच. पण तिची अडचण गोडी नसण्याची नव्हतीच. सी भाषेत तिने बाइटमध्ये बेरीज केली असती तरी हातचा असाच गळाला असता, आणि तिथे तो शोधणं आणखी अवघड गेलं असतं.

चौथा मार्ग कागदाचा. प्रत्येक सूचनेनंतर यंत्राची स्थिती काय असेल ते आधी लिहायचं आणि मगच किटवर ताडून पाहायचं. मार्ग हळू, कंटाळवाणा, आणि प्रयोगांची संख्या कमी करणारा. तरी तोच निवडला. निवडताना तिच्याशी सरळ बोलले की यात काही प्रयोग मागे पडतील. तिने एका रात्रीची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी आडव्या रेघा मारलेली कच्ची वही घेऊन आली.

काय केलं

वहीत स्तंभ पाडले: पत्ता, सूचना, ए, बी, सी, एचएल, एचएलच्या पत्त्यावरची मेमरी, आणि साइन, झीरो, कॅरी हे तीन फ्लॅग (निकाल ऋण, निकाल शून्य, हातचा आला, हे सांगणारे). नियम एकच. ओळ आधी निळ्या पेनाने भरायची, मग किटवर सिंगल स्टेप करून (एकेक सूचना चालवून) रजिस्टरं तपासायची, आणि जुळलं नाही तर बाजूला लाल पेनाने खरा आकडा लिहायचा. निळा आकडा खोडायचा नाही. फरक पडला तर पुढे जाण्याआधी तो का पडला ते एका वाक्यात लिहायचं.

पहिल्या काही ओळींतच लाल शाई लागली. एमव्हीआय ए, ०० नंतर झीरो फ्लॅग १ होईल असं तिने लिहिलं होतं. शून्य भरलं म्हणजे झीरो फ्लॅग लागणार, असा साधा तर्क. पण एमव्हीआय कुठल्याच फ्लॅगला हात लावत नाही. ए शून्य करून फ्लॅगही लावायचा असेल तर एक्सआरए ए वापरावं लागतं. हे वाक्य पुस्तकात तिने वाचलेलं होतं, खाली रेघही मारलेली होती. पण आपलाच अंदाज चुकलेला दिसल्यावर ते पक्कं बसलं.

मग तिने स्वतःच कॅरीची सोय केली. हातचे मोजायला बी रजिस्टर घेतलं. २००७ ला एमव्हीआय बी, ०० घातलं, ॲड एम नंतर जेएनसी (कॅरी नसेल तर पुढची सूचना ओलांडणारी उडी) आणि आयएनआर बी (बी एकाने वाढव), आणि शेवटी बी मधली किंमत २०६१ ला ठेवली. १७ बाइटचा प्रोग्राम २७ बाइटचा झाला. रन केल्यावर २०६० ला सी५ आणि २०६१ ला ००. अपेक्षित उत्तर होतं १सी५.

इथे माझ्यापुढे निर्णयाचा प्रसंग होता. चूक मला लगेच दिसली. तिने सूचना मध्ये घुसवल्या होत्या, त्यामुळे ॲड एम २००७ वरून २००९ वर सरकलं होतं. जेएनझेडच्या पुढे मात्र अजून ०७ २० च होतं. म्हणजे दर फेरीला उडी थेट एमव्हीआय बी, ०० वर पडत होती आणि जमवलेला हातचा पुसला जात होता. ‘जंपचा पत्ता बघ’ एवढं म्हटलं असतं तर मिनिटभरात काम झालं असतं. लॅबची वेळ संपत आली होती, मागे दुसरी बॅच उभी होती. तरी सांगितलं नाही. “तक्ता भरून आण,” एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वहीत बीच्या स्तंभात ०१ च्या खालच्या ००ला वर्तुळ होतं. समोर लिहिलेलं: ‘बी पुन्हा शून्य झाला, कारण उडी दोन घरं आधी पडते.’ सी२ ०९ २० केल्यावर २०६१ ला ०१ आलं. त्यानंतर तिने आपणहून पद्धत बदलली. पहिल्या लिखाणात जंपच्या पुढची दोन घरं रिकामी ठेवायची, सगळे पत्ते ठरल्यावर ती भरायची. दोन फेऱ्यांत काम करणारा असेंब्लर नेमकं हेच करतो, हे तेव्हा सांगितलं. त्या क्षणी असेंब्लर कशासाठी असतो हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

दुसरा पेच: दिवे लुकलुकत नाहीत

पुढचा प्रयोग ८२५५ या जोडचिपच्या पोर्टवर (बाहेर बिट पाठवायच्या आठ रेषांवर) एलईडी लुकलुकवण्याचा. कंट्रोल वर्ड ८० (पोर्टवरून डेटा बाहेर पाठवायचा आहे हे ८२५५ ला सांगणारा), पोर्ट एवर आलटून पालटून एफएफ आणि ००, मध्ये विलंबाचा सबरुटीन, म्हणजे कॉलने बोलवायचा प्रोग्रामचा तुकडा. सबरुटीन तिने असा लिहिला: एलएक्सआय बी ने बी-सी जोडीत मोजणी, मग डीसीएक्स बी, जेएनझेड मागे, शेवटी आरईटी (परत जा).

तिच्या किटवर दिवे लागले ते लागलेच राहिले. जोडीदारणीच्या किटवर तोच प्रोग्राम भरला तर सगळे दिवे सतत, पण मंद. एकाच प्रोग्रामचे दोन किटवर दोन परिणाम म्हटल्यावर सगळ्या बॅचने किटलाच दोष दिला. मला हा प्रसंग सगळ्या प्रकरणात सर्वात शिकवणारा वाटतो.

डीसीएक्स ही सूचना रजिस्टरची जोडी एकाने कमी करते, पण एकही फ्लॅग बदलत नाही. म्हणजे जेएनझेड जो झीरो फ्लॅग पाहत होतं तो आधीचा कुठलातरी शिळा फ्लॅग होता. आणि या प्रोग्राममध्ये एमव्हीआय, आउट, कॉल, एलएक्सआय, डीसीएक्स, जंप यांपैकी फ्लॅग बदलणारी सूचना एकही नाही. रन करण्याआधी किटमध्ये झीरो फ्लॅग जो होता तोच शेवटपर्यंत राहिला. तो ० असेल तर विलंबाचा फेरा कधी संपत नाही आणि दिवे पेटलेलेच राहतात. तो १ असेल तर फेरा लगेच सुटतो, दिवे सेकंदाला सुमारे २१,००० वेळा लागतात-विझतात आणि डोळ्याला मंद प्रकाश दिसतो.

यावेळी तिने मला हाक मारली नाही. दोघींनी वही उघडली. झीरोचा स्तंभ वरपासून खालपर्यंत भरायला घेतला आणि पहिल्याच घरापाशी थांबल्या, कारण तिथे काय लिहायचं तेच ठरेना. “मॅडम, सुरुवातीला झीरो फ्लॅग किती असतो?” हा प्रश्न घेऊन त्या आल्या. नेमका प्रश्न विचारणं म्हणतात ते हेच. दोन्ही किटवर फ्लॅग रजिस्टर पाहायला सांगितलं. एकीकडे ० होता, दुसरीकडे १.

उपाय नेहमीचा: डीसीएक्स बी नंतर मूव्ह ए, बी (बी ची किंमत ए मध्ये) आणि ओआरए सी (तिचा सी शी ऑर). दोन्ही अर्धे शून्य असतील तरच झीरो फ्लॅग लागतो. त्यापुढचं गणित तिनेच केलं. किटवरच्या क्रिस्टलच्या डबीवर ६.१४४ मेगाहर्ट्झ लिहिलेलं. ८०८५ त्याचे निम्मे करतो, म्हणजे ३.०७२. फेऱ्यातल्या चार सूचनांना ६, ४, ४ आणि १० मिळून २४ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके). अर्ध्या सेकंदाला ६४,००० फेरे, हेक्समध्ये एफए००. पूर्ण सेकंदाला १,२८,००० लागतात, ते १६ बिटांत मावत नाहीत, म्हणून सबरुटीन दोनदा बोलवायचा. दिवे घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर चालायला लागले तेव्हा मागच्या बॅचची मुलंही येऊन पाहून गेली.

निष्पत्ती

विद्यापीठाच्या परीक्षेत तिला ब्लॉक ट्रान्सफरचा (मेमरीतला डेटा एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा) प्रोग्राम आला, परीक्षकांनी त्यात क्रम उलटा करायला सांगितला आणि तिने तो केला. पण मला मोठी वाटते ती त्याच्या आधीची एक गोष्ट. बेरजेच्या प्रोग्राममध्ये जेएनसी आणि आयएनआर बी हे डीसीआर सी च्या नंतर ठेवले तर चालेल का, असं तिने विचारलं. डीसीआर कॅरीला हात लावत नाही, त्यामुळे पहिल्या नजरेला चालायला हवं. आणि परीक्षेतल्या त्याच पाच संख्यांवर ते चालतंही. तिने मात्र स्वतःच नव्या संख्या घेतल्या: ०५, १०, ८०, २०, ९०, म्हणजे हातचा शेवटच्याच बेरजेला येईल अशा. तेव्हा आयएनआर बी झीरो फ्लॅग बदलून टाकतो, सी शून्य झालेला असूनही जेएनझेड उडी मारतं, आणि प्रोग्राम पुढची मेमरी मिळवत सुटतो. आपला प्रोग्राम कुठे मोडेल हे शोधण्यासाठी तिने डेटा बनवला. पाठांतराने परीक्षा देणारी मुलगी हे करत नाही.

सगळं साधलं असं नाही. इंटरप्ट (बाहेरच्या इशाऱ्यावर चालू काम सोडून दुसरं करणं) मागे पडले. आरएसटी ७.५ या इंटरप्टला प्रोसेसर ००३सी या पत्त्यावर जातो, एवढं तिने परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं, प्रत्यक्ष प्रयोग झाला नाही. तोंडी परीक्षेत एएलई (रेषांवर पत्ता आहे हे सांगणारा सिग्नल) आणि पत्ता-डेटाच्या सामायिक रेषांवरच्या प्रश्नावर ती अडखळली. बॅचमधल्या इतरांनाही वहीची पद्धत दिली होती. काहींनी ती आधी रन करून, मग निळ्या पेनाने ‘अंदाज’ लिहून पूर्ण केली. अशा वह्यांत लाल शाई अजिबात नव्हती, त्यावरूनच त्या ओळखू आल्या.

वेगळं काय करता येईल

सर्वात आधी जर्नलमधला डेटा बदलायला हवा. ०१ ते ०५ ची बेरीज ज्या गोष्टीसाठी शिकवायची, ती गोष्टच त्या आकड्यांत घडत नाही. प्रत्येक प्रयोगाला तीन संच हवेत: सरळ चालणारा, कॅरी आणणारा, आणि शेवटच्या फेरीत कॅरी आणणारा.

सिम्युलेटर पूर्ण बाजूला ठेवण्याची गरज नव्हती. अंदाज लिहून झाल्यावर ताडून पाहण्यासाठी तो किटपेक्षा सोयीचा आहे. सिंगल स्टेप करत एकेक रजिस्टर उघडण्यात जो वेळ गेला तो वाचला असता, आणि त्यात कदाचित इंटरप्टचा प्रयोग बसला असता. अट एकच, निळी ओळ आधी.

तक्ता प्रत्येक प्रोग्रामला पूर्ण भरण्याचीही गरज नाही. फेरा असेल तर पहिली फेरी, एक मधली आणि शेवटची एवढं पुरतं. चुका बहुतेक पहिल्या किंवा शेवटच्या फेरीतच सापडतात. हे आधी ठरवलं असतं तर कंटाळून आकडे मागून भरणारी मुलंही कमी झाली असती.

विलंबाचा तो चुकीचा सबरुटीन आता मी मुद्दाम पहिल्या महिन्यात देते, आणि दोन किटवर झीरो फ्लॅग वेगवेगळा करून ठेवते. त्याआधी फ्लॅग बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या सूचनांची यादी मुलांनी किटवर तपासून स्वतः करायची असते. पुस्तकातली यादी त्यानंतर उघडायची.